जे हललं ते देवाचं

अप्पा कोर्टातून आले की आधी मागच्या दारी पाय धुवायचे, मग काळा कोट खुंटीला लावायचे, आणि पाटावर बसल्या बसल्या ताटाकडे न बघताच म्हणायचे, "आज एक शब्द सापडला." चुलीपाशी बसलेली आई भाकरी थापता थापता, मान न वळवता विचारायची, "जिवंत की मेलेला?" विचारायचं कारण असं, की माझ्या वडिलांना जिवंत शब्दांत फारसा रस नव्हता. पालघरच्या कोर्टात ते वकिली करत. कुणा म्हाताऱ्या वकिलाच्या घरातून त्यांनी इंग्रजी कायद्याचा एक जाडजूड कोश उचलून आणला होता. त्याला कसर लागलेली, पुठ्ठा सुटलेला, आणि तो उघडला की अख्ख्या ओटीवर कुबट वास सुटायचा. त्यात एखाद्या शब्दापुढे 'आता प्रचारात नाही' असं छापलेलं दिसलं की अप्पांचा चेहरा असा खुलायचा, जसा आमचा चतुर्थीला मोदक बघून खुलायचा. आई म्हणायची, "इथं भात निवतोय आणि ह्यांचे मुडदे उठतायत." पण ऐकायची. सगळं ऐकायची. भाकरी उलटायचा तिचा हात अप्पा बोलत असताना थोडा हळू चालायचा, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमची वाडी चिंचणीच्या अलीकडे, बोईसरहून येणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. आत चिकू आणि नारळ, बांधावर ताडाची रांग, मागे विहीर आणि तिच्यावर ऑइल इंजिन, ज्याची टुकटुक थांबली की मला झोपेतून जाग यायची. त्या वर्षांत तारापूरच्या किनाऱ्याला विजेच्या केंद्राचं काम चाललं होतं. त्यासाठी खाणीतून दगड जायचा, आणि तो जायचा आमच्या दारावरून. खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची ताटं थरथरायची. ट्रक गेला की चिकूच्या पानांवर पिठासारखी धूळ बसायची, आणि आई मागच्या दारात उभी राहून त्या ट्रकवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. मी इथे त्या शिव्या लिहीत नाही. माझी नातवंडं वाचतात, आणि त्यांना आपली पणजी देव्हाऱ्यातली वाटते. देव्हाऱ्यातली नव्हती ती. तापट होती, मीही तापटच आहे, आणि ह्यात लपवण्यासारखं काही नाही.

मागच्या दाराच्या चौकटीला एक खिळा होता आणि त्याला तिचा कोयता लटकलेला असे. माकुणसारच्या माहेराहून तिने आणलेला, मूठ तिच्या आईच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली. नारळ सोलायचे, केळीची पानं काढायची, झावळ्या तोडायच्या, सगळं त्याच्यावर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अप्पांनी एकदा गंजलेली कडी उचकटायला तो घेतला, तर आई आठवडाभर त्यांना "कडीवाले वकील" म्हणत होती.

माझा दत्तूमामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आईने त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, आणि लग्न करून निघाली तेव्हा हा तिच्या पदराला धरून माकुणसारच्या वेशीपर्यंत धावत आला होता म्हणे. मॅट्रिक झाल्यावर त्याला तारापूरच्या कामावर एका ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी घ्यायची नोकरी लागली आणि तो आमच्याकडे राहायला आला. घर एकदम मोठ्या आवाजाचं झालं. तो शिट्टी वाजवत आंघोळ करायचा, सुक्या बोंबलाची चटणी भाकरीआधीच संपवायचा, आणि थंडीत मडक्यात कंद-भाज्यांची उकडहंडी लावली की मडकं उघडायच्या आधी कोनफळाची फोड कुठे असेल ह्यावर माझ्याशी पैज मारायचा. मजुरांकडून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी माझ्यावर चालवायचा. "चलो मेमसाब," म्हणत सायकलच्या कॅरियरवर बसवून मला शाळेच्या वळणावर सोडायचा आणि तसाच पुढे कामावर जायचा. मला तो जगात सगळ्यात जास्त आवडायचा. आईबापांपेक्षाही जास्त, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या बांधावरच्या ताडावरून काशिनाथ पडला. काशिनाथ आमच्या ताडांची ताडी काढायचा. पायात दोरीचं कडं, कमरेला मडकं, सरसर चढायचा. तो पडल्याचा आवाज मी ऐकला. पिकला फणस पडावा तसा आवाज, आणि नंतर काहीच नाही. त्याची बायको जानकी त्या वेळी आमच्याच विहिरीवर होती.

आमच्या गावची रीत अशी, की झाडाने माणूस घेतला तर ते झाड उभं ठेवायचं नाही. मालकाने हरकत घ्यायची नाही. पहिला घाव गेलेल्याच्या घरच्याचा, मग गावाचे. पाडलेलं झाड दोरांनी ओढत शिवेवर गावदेवीपाशी न्यायचं आणि तिथेच सोडायचं. त्याचं लाकूड कुणी चुलीत घालायचं नाही, त्याचा वासा करायचा नाही, ओढ्यावर टाकायला साकव करायचा नाही. ते देवीचं झालं. गावदेवीचं सगळं बघणारा लखूकाका दिवस उलटायच्या आत अंगणात येऊन उभा राहिला. "वकील, ताड घ्यायला आलो," एवढंच म्हणाला. अप्पांनी मान डोलावली. जानकीने कुऱ्हाड घेतली. कपाळ पांढरं, हात कोपरापर्यंत बांगड्या फोडल्याने रक्ताळलेले. तिने ताडावर घाव घालायला सुरुवात केली आणि पहिला एक घालून ती थांबलीच नाही. बायकांनी धरलं तर त्यांच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन आली. "ह्यानं खाल्ला माझा मानूस," एवढंच म्हणत राहिली. शेवटी लखूकाकाने सगळ्यांना मागे सारलं आणि म्हणाला, "घालू द्या. झाडावरच घालते हाय ना? घालू द्या तिला." ताड आडवा झाला तेव्हा जानकी त्याच्यावर बसली आणि मग कुठे रडली.

त्या संध्याकाळी अप्पांनी जेवताना कोश पाटाशेजारी आणून ठेवला. "आज शब्द मी शोधला नाही," ते म्हणाले, "मला तो आधीपासून माहीत होता, पण अर्थ आज कळला." शब्द होता डिओडँड. जुन्या इंग्लंडात अशी रीत होती की एखादी वस्तू किंवा जनावर माणसाच्या मरणाला कारण झालं, तर ते देवाचं व्हायचं. बैलाने शिंग मारलं तर बैल, गिरणीच्या चाकात माणूस सापडला तर चाक, गवताची गंजी अंगावर कोसळली तर गंजी. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'देवाला द्यायचं ते'. अप्पा तिथे थांबले आणि बोट वर करून म्हणाले, "त्यांचा देव आणि आपला देव, त्यांचं देणं आणि आपलं दान, हे शब्द सख्खे चुलत भाऊ आहेत." मग ती वस्तू देवाच्या वतीने राजा घ्यायचा, आणि राजाने ती विकून गरिबांना वाटायची, असा नेम.

"राजा वाटायचा?" आईने विचारलं.

"सुरुवातीला वाटत असेल. पुढे राजाने तो हक्कच जहागीरदारांना देऊन टाकला, आणि वस्तू घ्यायची सोडून तिचं मोल घ्यायला लागले. मग पंचांनाच गरीब मालकाची दया यायची, ते मुद्दाम मोल कमी लावायचे. असं शेकडो वर्षं चाललं. मग आली रेल्वे. इंजिनाखाली माणसं मेली, आणि पंचांनी अख्ख्या इंजिनाचं मोल लावायला सुरुवात केली. कंपनीवाले ओरडले. पार्लमेंटने कायदाच मोडून टाकला."

"म्हणजे बैलाला लागू, आणि इंजिनाची वेळ आली तेव्हा बंद," मामा म्हणाला. "आमच्या साहेबाने ठेकेदारी ह्या इंग्रजांकडूनच शिकलेली दिसते."

अप्पा हसले. कोशातला बारकावा सांगायचा त्यांना भारी उत्साह. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला, तर फक्त चाक जायचं. पण गाडी चालती असली, तर गाडी, बैल, वरचा माल, सगळं. जे जे हललं ते देवाचं. नदीत होडीतून पडून मेला तर होडी गेली, खाऱ्या पाण्यात मेला तर मात्र नाही.

"समुद्राला कोण शिक्षा करणार," आई म्हणाली.

मामाने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "पण भावजी, गाडी गेली, बैल गेले. गाडीवानाचं काय?"

"गाडीवान माणूस आहे. त्याचं न्यायाधीश बघेल. माणूस डिओडँड होत नाही."

"का? तो पण हललाच की."

"अरे, माणूस वेगळा," अप्पा म्हणाले. "माणूस देवाला द्यायला आपला कुठे असतो?"

मामाने मान डोलावली, तुकडा तोंडात घातला आणि माझ्या ताटातली चटणी पळवली. मी हे सगळं इतकं शब्दाला शब्द लिहितेय ते उगाच नाही. पुढे ह्या संवादावर एका माणसाचा जीव टांगला गेला, म्हणून तो मला आजही तोंडपाठ आहे.

ते घडलं दिवाळी होऊन गेल्यावर, सकाळी. शाळेच्या वळणावर मी कॅरियरवरून उतरले. मामा म्हणाला, "मेमसाब, सलाम," आणि सायकलवर टांग टाकली. मागून दगडांचा ट्रक येत होता, रोज यायचा तसाच. वळणावर तो वेग कमी करायचा. त्या दिवशी केला नाही. भोंगा वाजत राहिला आणि ट्रक सरळ आला. सायकल आधी गेली, मग मामा. पुढचं चाक गेलं आणि मागचंही गेलं. ट्रक पुढे रस्त्याकडेच्या चिंचेच्या बुंध्याला धडकून थांबला. मी मामाकडे धावले. त्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता, केस पण विस्कटलेले नव्हते, आणि छातीखाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याच्या नाकापाशी हात धरला. मग त्याचा हात धरला. मग मला कुणीतरी उचलून बाजूला केलं, आणि मी त्या माणसाला चावले.

ट्रकवाला उतरून पळाला असता तर वाचला असता. तो पळाला नाही. तो खाली उतरला आणि मामाकडे यायला लागला, हात जोडून. पंचविशीचा असेल, अंगात फाटका बनियन, वरच्या मुलखातला. "ब्रेक नहीं लगा," म्हणत होता. "भैया, ब्रेक नहीं लगा." कुणीतरी त्याच्या तोंडावर दगड घातला. मग सगळे तुटून पडले. ती माणसं मला ठाऊक होती. आमच्याकडे चिकू उतरवायला येणारी, होळीला दारात नाचणारी, अप्पांना वकीलसाहेब म्हणून रामराम घालणारी. त्यांनी त्याला चिंचेला बांधला आणि हातात जे येईल त्याने मारला. काठ्या, सायकलचं मोडलेलं हँडल, वहाणा. त्याचा हात मोडला तेव्हा सुक्या झावळीसारखा आवाज आला. एका डोळ्यातून रक्ताची धार लागली होती. मीही दगड उचलला. नेम धरून मारला, आणि तो त्याच्या मानेला लागला, आणि मला बरं वाटलं. मला त्याचं पुढे फार वाईट वाटलं असं इथे लिहायची पद्धत आहे. मला वाटलं नाही. मला तो मरायला हवा होता, आणि लवकर मरायला नको होता.

अप्पा त्या वेळी बोईसरची गाडी पकडायला टांग्यातून निघाले होते. ते आले, उतरले, आणि आधी मामापाशी गेले. खाली बसले, त्याचे डोळे मिटले, अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला. मग उठून चिंचेकडे गेले आणि त्या माणसासमोर, गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. उगारलेली एक काठी थांबू शकली नाही ती त्यांच्या खांद्यावर बसली. चष्मा पडला. अप्पा काटकुळे होते, आवाजही बारीक. त्यांनी चष्मा उचलला, एक काच फुटलेली होती, तसाच लावला.

"वकील, बाजूला व्हा," लखूकाका म्हणाला. "तुमचाच मानूस गेला हाय. तुमी कशाला मधी पडता?"

"माझा गेला म्हणूनच उभा आहे."

"पोलिसात देनार? ठेकेदार उद्या सोडवून नेल."

"नेईल," अप्पा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना त्या दिवशीही जमलं नाही.

"मंग? दत्तूचं काय?"

गर्दी पुढे सरकली. कुणीतरी अप्पांच्या सदऱ्याला धरून त्यांना ओढलं, ते पडले, परत उठले, परत तिथेच येऊन उभे राहिले. मागून हाक आली, "वहिनी आल्या."

आई वाडीतून धावत आली होती. पायात काही नाही, पदर खोचलेला, हातात कोयता. नारळ सोलत असताना निरोप आला म्हणून तो हातातच राहिला, की खिळ्यावरून काढून घेऊन आली, ह्यावर गावात पुढे बरीच वर्षं दोन मतं होती. ती मामापाशी थांबली. कोट थोडा वर केला, बघितलं, परत नीट घातला. रडली नाही. मग चिंचेकडे वळली आणि गर्दीने तिला वाट करून दिली. गर्दीच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. लखूकाका हळू आवाजात, देवळात बोलावं तसा म्हणाला, "वहिनी, पयला घाव तुमचा."

आई चालत आली. अप्पांनी तिचा हात धरला नाही. ते बाजूला पण झाले नाहीत. ते आणि आई एक हात अंतरावर होते, आणि त्यांच्या मागे तो माणूस बांधलेल्या दोरात लोंबकळत होता. एक डोळा उघडा. तो म्हणाला, "माई."

"मला माई म्हणू नकोस," आई म्हणाली, आणि कोयता वर गेला.

"दत्तूने विचारलं होतं," अप्पा म्हणाले.

कोयता वरच राहिला.

"तुझ्यासमोर विचारलं होतं. ताड पाडला त्या संध्याकाळी. गाडी गेली, बैल गेले, गाडीवानाचं काय. तू भाकऱ्या करत होतीस. मी त्याला काय सांगितलं? त्याने मान डोलावली होती, अगं. त्याला पटलं होतं ते." मग ते लखूकाकाकडे वळले. "काशिनाथ गेला तेव्हा तुम्ही मला पकडलंत का? ताड माझा होता. तुम्ही ताड मागितलात, मी दिला. आज पण रीत तीच. काय हललं? ते घ्या. अख्खं घ्या. देवीचं आहे ते. कुणी विचारलं तर सांगा, वकिलाने दिलं."

आईच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते परत कधी कुणाच्या बघितलं नाही, आणि बघू पण नये. मग ती वळली. ट्रककडे चालत गेली. मागच्या चाकाला अजून रक्त होतं. तिने त्या चाकावर कोयता घातला. टायर तो, त्याला काय होणार. कोयता उसळून परत आला. तिने परत घातला. परत उसळला. ती घालत राहिली आणि तोंडाने काहीच बोलत नव्हती, फक्त दर घावाला श्वास बाहेर पडत होता. तेव्हा गर्दीतून जानकी पुढे आली. पांढरं कपाळ, हातात तीच कुऱ्हाड. आईच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, तुमी पयला घातला. आता सरा." आणि तिने कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलली.

मग जे झालं त्याला मोडतोड म्हणणं कमी पडेल. त्यांनी ट्रक मारला. माणूस मारावा तसा मारला. काचा फोडल्या, दिवे फोडले, खाणीवरच्या पोरांनी घण आणले आणि बॉनेटवर घातले. टायर फाटले तेव्हा सुरुंगासारखे आवाज झाले. फळ्यांचे ढलपे उडाले, सीटची गवती भरण रस्ताभर झाली. कुठलीशी तार तुटून भोंगा आपोआप वाजायला लागला आणि वाजतच राहिला, आणि लोक त्या आवाजावर आणखी चवताळले, जसं काही ते जनावर ओरडतंय. शेवटी कुणीतरी आत हात घालून ताराच उपटल्या. दगड उतरवले, दोर बांधले, आणि अख्ख्या गावाने ते धूड ओढत, ताड नेला होता त्याच वाटेने, शिवेवर देवीपाशी नेलं. तोवर अप्पांनी आणि आमच्या मास्तरांनी त्या माणसाला सोडवून शाळेच्या खोलीत ठेवलं होतं. बाहेरून कडी घालून अप्पा उंबऱ्यावर बसले ते पोलीस येईपर्यंत उठले नाहीत. आतून तो पाणी मागत होता. मला पाणी द्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. अप्पांनी स्वतः दिलं.

त्याचा एक डोळा गेला. जगला. ठेकेदाराने ट्रकचा दावा लावला आणि चौकशीत विचारलं, गाडी फोडायला कुणी सांगितलं? अप्पा म्हणाले, मी. त्याचे परिणाम त्यांना वकिलीत बरीच वर्षं भोगावे लागले, पण ते पुढचं. मला आठवतं ते घर. मामाला माकुणसारला नेलं, आई तिथेच तेरावा होईपर्यंत राहिली. परत आली तेव्हा ती अप्पांशी बोलेनाशी झाली होती. ताट वाढायची, पाणी द्यायची, कोट खुंटीला नीट लावायची, पण शब्द नाही. अप्पाही कोर्टातून येऊन नुसते जेवायचे. कोश कपाटावर गेला. मामाची शिट्टी नाही, अप्पांचे मुडदे नाहीत. सुरुंगाने ताटं थरथरली की आम्ही तिघंही फळीकडे बघायचो आणि परत खाली बघायचो.

कोयता त्या दिवशी मीच रस्त्यावरून उचलून आणून, धुऊन खिळ्याला लावला होता. आईने आल्यावर त्याला हात लावला नाही. नारळ ती विहिरीच्या काठावर आपटून फोडायची, केळीचं पान हाताने ओरबाडायची. शेजारून कोयता मागून आण म्हणायची. "आपला आहे की," मी म्हटलं तर म्हणाली, "आण सांगितलं तर आण."

मग एका सकाळी, अप्पा गाडीला गेल्यावर, तिने पदराने धरून तो खिळ्यावरून काढला आणि मला म्हणाली, "चल." आम्ही शिवेवर गेलो. ताड कुजायला लागला होता. त्याच्या शेजारी ट्रक, नुसता सांगाडा. कुणी एक खिळासुद्धा नेला नव्हता, आणि त्या दिवसांत लोखंड काय भावाने जायचं ते आठवलं म्हणजे मला आजही नवल वाटतं. आईने देवीला हळद वाहिली आणि कोयता ट्रकच्या मागच्या चाकापाशी ठेवला. मुठीवरून एकदा हात फिरवला. तिच्या आईच्या हाताची एवढी एकच वस्तू तिच्याकडे होती.

मी म्हटलं, "आई, ह्याने कुठे कुणाला मारलं? टायर पण कापला नाही ह्याने."

"हलला होता," आई म्हणाली.

"टायरवर ना?"

"त्याच्या आधी." तिने हळदीची बोटं पदराला पुसली. "मी तो खिळ्यावरून काढून नेला होता, मंदे. नारळाबिरळाचं काही नव्हतं."

संध्याकाळी अप्पा आले. मागच्या दारी पाय धुताना त्यांना रिकामा खिळा दिसला. ते तांब्या हातात धरून त्याच्याकडे बघत उभे राहिले, पाणी पायावर सांडून संपलं तरी. मग आत आले, कोट लावला, पाटावर बसले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वळवली नाही.

"आज काही सापडलं नाही वाटतं," ती म्हणाली.

ताटावर ओणवून माझे वडील मोठ्याने रडायला लागले. दत्तूसाठी ते तोवर रडलेच नव्हते. आई तशीच बसून राहिली, पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून. तव्यावरची भाकरी करपत गेली, घरभर वास सुटला, तरी तिने ती उलटली नाही.